युगांडात शाळेच्या फीवर कर नाही, फीच्या पैशांवर आहे

१ जुलै २०१८ ला युगांडात दोन कर एकदम लागू झाले. व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक वापरायचं तर दिवसाला २०० शिलिंग, आणि मोबाइल मनीच्या व्यवहारांवर १ टक्का. लोक रस्त्यावर उतरले. नोव्हेंबरात दुसरा कर अर्धा टक्का झाला आणि फक्त पैसे काढण्यापुरता उरला. अनेकांना ही तडजोड बरी वाटली. माझ्या मते कर नेमका गरिबाच्या दारात आणून ठेवला गेला.

आपल्या यूपीआयमागे बँक खातं असतं. तिकडे मोबाइल मनीत एमटीएन किंवा एअरटेल या फोन कंपन्यांच्या सिमवरच पैसे जमा असतात. साध्या बटणाच्या फोनवरूनही कोड दाबून ते पाठवता येतात. बँकेची शाखा म्हणजे रस्त्याकडेची पिवळी नाहीतर लाल छत्री. छत्रीखालच्या एजंटला दोन साठे सांभाळावे लागतात: गल्ल्यातली रोकड आणि फोनमधला फ्लोट, म्हणजे त्याच्या सिमवरची शिल्लक. कुणी पैसे भरले की रोकड वाढते, फ्लोट घटतो. काढले की उलटं. शाळा उघडायच्या आठवड्यात खेड्यात सगळे काढणारेच येतात. गल्ला आटला की एजंट बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर बसून शहरातली बँक गाठतो, आणि तो परत येईपर्यंत लोक ताटकळतात.

आता हिशोब बघा. राजधानी कंपालाहून बापाने ३ लाख शिलिंग पाठवले, आईने गावी काढले: कर १,५०० शिलिंग, काढण्याचं शुल्क वेगळं. शहरातल्या बऱ्याच शाळा विद्यार्थ्याच्या क्रमांकावर थेट फी घेतात. तिथे पैसे काढावेच लागत नाहीत, म्हणून हा करही लागत नाही. खेड्यातल्या लहान शाळेला रोकड हवी. १९९७ पासून सरकारी प्राथमिक शिक्षण मोफत आहे खरं, पण गणवेश, वह्या, दुपारचा पोशो (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) याला पैसे लागतातच, आणि तेही रोख. लोकांना रोकडीपासून दूर न्यायचं म्हणून काढण्यावर कर, हा युक्तिवाद दुकानदार, शाळा आणि बोडावाला फोनवर पैसे घेऊ लागल्यावर करावा.

रोजच्या २०० शिलिंगांचं तर आणखी वाईट झालं. महिन्याचे ६,००० वाचवायला लोकांनी व्हीपीएन घेतले, म्हणजे आपण कुठली साइट वापरतो हे फोन कंपनीपासून लपवणारी अ‍ॅप्स. पहिल्या वर्षी वसुली अपेक्षेच्या पाचव्या हिश्श्याइतकीही झाली नाही. तो कर सुरू असतानाच मार्च २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि पूर्णपणे उघडल्या त्या थेट जानेवारी २०२२ मध्ये. इतका लांब खंड जगात दुसरीकडे पडला नाही. रेडिओ, टीव्ही आणि छापील धडे यांवर मुलांची भिस्त होती, आणि शिक्षकाला व्हॉट्सअ‍ॅपवर स्वाध्याय पाठवायचा तर आधी कर भरा. जुलै २०२१ मध्ये हा कर गेला, बदल्यात डेटावर १२ टक्के आले. शाळा तेव्हाही बंदच होत्या! कायद्यात शिक्षणाच्या डेटाला सूट आहे. पण घरात एकच फोन, एकच पॅक. त्यातला कुठला एमबी गणिताचा आणि कुठला गाण्याचा, हे वेगळं कोण काढणार?

करच नको असं मी म्हणत नाही. रस्ते, शिक्षकांचे पगार कुठून तरी यायलाच हवेत. पण प्रत्येक सिम राष्ट्रीय ओळखपत्राला जोडलेलं आहे, त्यामुळे महिन्याला ठरावीक रकमेपर्यंतची काढणी करमुक्त ठेवणं कंपन्यांच्या यंत्रणेला अवघड नाही. ती मर्यादा किमान एका मुलाच्या एका सत्राच्या खर्चाएवढी हवी.