समोरचा अडखळतो तेव्हा

मॉन्ट्रियलमधल्या आमच्या कार्यालयात दुपारी मायक्रोवेव्हसमोर रांग लागते आणि माझ्या फ्रेंचची खरी परीक्षा तिथेच होते. हैतीहून आलेले एक ज्येष्ठ सहकारी माझ्या डब्यातली मटकीची उसळ कशी करतात हे विचारतात. मोड आणण्याला फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते न सुचल्याने मी बोटांनीच कोंब काढून दाखवते. अशा वेळी मागचा कोणी न राहवून इंग्रजी शब्द पुरवू लागला, तर हे गृहस्थ त्याला हाताने थांबवतात आणि माझ्या तोंडून काहीतरी निघेपर्यंत शांतपणे वाट पाहतात. (तोवर उसळ पुन्हा गार होते, ती गोष्ट वेगळी.) त्यांचीही मातृभाषा फ्रेंच नव्हे, क्रेओल आहे.

इकडे पुण्यातल्या जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर वाद पेटलेला असतो. पहिलीपासून हिंदी शिकवण्याचे शासन निर्णय २९ जून २०२५ रोजी मागे घेतले गेले आणि पाठोपाठ मीरा रोडच्या एका दुकानदाराला मराठीवरून झालेल्या मारहाणीची चित्रफीत सगळीकडे फिरली, तेव्हापासून हा विषय मिटलेला नाही. इथे राहायचे तर मराठी आलीच पाहिजे, असे एकांचे म्हणणे. हिंजवडीत देशभरातून माणसे येतात, तेव्हा वैविध्य जपायचे असेल तर भाषेचा आग्रह सोडा, असे दुसऱ्यांचे. भाषेचा आग्रह आणि वैविध्य यांचे वैरच आहे, हे दोघांनीही गृहीत धरलेले आहे आणि तेच मला पटत नाही.

मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे, त्या कॅनडातल्या क्युबेकमध्ये हा आग्रह कायद्याचा आहे. फ्रेंच भाषेच्या १९७७ च्या सनदेने प्रत्येक कामगाराला आपले काम फ्रेंचमध्ये करण्याचा हक्क दिला आणि कामाची खरी गरज असल्याशिवाय मालकाला इंग्रजीची अट घालता येणार नाही, असे ठरवले. पन्नास किंवा अधिक कामगारांच्या उद्योगांना लागू असलेली फ्रेंचीकरणाची, म्हणजे कामकाज फ्रेंचमध्ये आणण्याची, प्रक्रिया १ जून २०२५ पासून पंचवीस कामगारांच्या उद्योगांपर्यंत खाली आली आहे. त्यातल्या कागदपत्रांना लहान उद्योजक वैतागतात, आणि ते खोटे नाही. परंतु सक्तीबरोबर सरकार फ्रेंच विनामूल्य शिकवतेही. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा, कामाच्या वेळातच वर्ग भरतो; त्यात एक कोलंबियन अभियंता, एक व्हिएतनामी लेखापाल आणि मी एकाच बाकावर क्रियापदांशी झगडतो. मी दरवर्षी साडी नेसून समोसे वाटते त्या ‘विविधता दिना’पेक्षा माणसे मला त्या बाकावर जास्त कळली.

अर्थात क्युबेकचे सारेच उचलावे असे मी म्हणणार नाही. २०१९ च्या कायद्याने सरकारी शाळांतल्या शिक्षकांना आणि पोलिसांना कामावर असताना हिजाब, पगडी किंवा किप्पा (ज्यूंची छोटी टोपी) घालण्यास मनाई केली. भाषा शिकून आलेल्या माणसालाही तो दारातच अडवतो. भाषा शिकता येते, पण डोक्यावरची पगडी उतरवायला सांगणे ही निराळी मागणी आहे.

आपल्याकडे मात्र शिकवण्याचा भाग वादात येतच नाही. त्याबाबतीत माझे स्वतःचे वर्तनही फारसे बरे नव्हते. पुण्यातल्या आठ वर्षांत माझ्या शेजारी केरळचा एक सहकारी बसत असे. तो रोज ‘जेवण झाला का?’ असे विचारी आणि मी त्याला अवघडायला नको म्हणून ताबडतोब हिंदीत उत्तर देई. मॉन्ट्रियलमध्ये माझा उच्चार ऐकताच दुकानदार इंग्रजीवर येतो, तेव्हा मला जो अपमान वाटतो, तो मी सौजन्य समजून त्याला रोज देत होते. मध्यंतरी त्याचा फोन आला होता. मुलगी शाळेत मराठी शिकते आणि संध्याकाळी त्याची शिकवणी घेते, असे तो सांगत होता. ‘झाला’चे ‘झालं’ तिनेच करून घेतले म्हणे.