'सर्वोत्तम गाणी' काढताय? मग हे पथ्य पाळाच

गायिका मोठी आहे, गाणी लोकांच्या तोंडी आहेत, मास्टर टेप कंपनीच्या कपाटात आहेत. आता कारकिर्दीचा संच तेवढा काढायचाय ना? मग अमेरिकन गायिका व्हिटनी ह्यूस्टनचा २००० सालचा दोन सीडींचा 'द ग्रेटेस्ट हिट्स' समोर ठेवा आणि गिरवा.

आधी निवडणं-पाखडणं. संथ गाणी एका सीडीवर, नाव 'कूल डाउन'. नाचाची दुसरीवर, नाव 'थ्रो डाउन'. कोणत्या गाण्यानंतर कोणतं शोभेल, ही डोकेदुखीच मिटते. पहिल्या सीडीवर एकामागून एक विरहगीतं लावा. सहाव्या गाण्याला ऐकणारा पेंगला, तर चाल बरोबर पडली समजा.

आता मुख्य कलाकुसर. १९८५ ते १९८८ या काळात बाईंची ओळीनं सात सिंगल (सुटी विकली जाणारी गाणी) बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या नंबरावर गेली. त्यांतली उडती तीन: 'हाउ विल आय नो', 'आय वॉना डान्स विथ समबडी', 'सो इमोशनल'. गिऱ्हाईक पाकीट उघडतं ते यांच्यासाठी. म्हणून नेमकी हीच मूळ रूपात द्यायची नाहीत. आवाजाचा ट्रॅक सोडवून घ्या, मूळचे सिंथेसायझर आणि बेस फेकून द्या, प्रत्येक मात्रेवर किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, हाणा. पुढे-मागे नुसता ताल ठेवा. तो क्लबमधल्या डीजेला दोन गाणी जोडायला लागतो. घरी ऐकणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य, म्हणून तो हवाच. वेग वाढवताना आवाज दाबून बसवला की लांब सुरावरची आंदोलनं घाईला येतात, बाईंना गाडी पकडायची असल्यासारखी. (थंडरपस या रीमिक्सवाल्या जोडीचं 'इट्स नॉट राइट बट इट्स ओके' मात्र मूळ गाण्याच्या वरचढ आहे. असे अपघात टाळावेत.) 'मिक्स' हा शब्द वेष्टनाच्या मागे, बारीक टायपात. आणि एवढा धुडगूस झाल्यावर, अमेरिकन आवृत्तीत केलंय तसं, शेवटी राष्ट्रगीत लावा. म्हणजे दमून बसलेल्यांना उभं राहावं लागेल.

'आय विल ऑलवेज लव्ह यू'ला हात लावताना विशेष काळजी घ्या. १९९२चं हे गाणं चौदा आठवडे पहिल्या नंबरावर होतं. सुरुवातीला एकही वाद्य नाही, नुसता गळा. हा आग्रह, हे गाणं ज्या चित्रपटातलं त्या 'द बॉडीगार्ड'चा नायक केव्हिन कॉस्टनरचा. पुढे सगळं थांबतं, क्षणभर शांतता, ड्रमचा एकच ठोका, आणि सूर वरच्या पट्टीत उसळतो. गाण्याची सगळी गंमत हळू आणि मोठ्या आवाजातल्या या अंतरात आहे. तेव्हा रीमास्टर करताना, म्हणजे जुनं ध्वनिमुद्रण नव्यानं घासूनपुसून काढताना, पातळी भरपूर चढवा आणि लिमिटर (ठरावीक पातळीवरचा आवाज दाबणारं साधन) लावा. सुरुवातीची कुजबुज वर येते, श्वास कानात घुसतात, आणि ठोका पडतो तेव्हा त्याला वर जायला जागाच उरत नाही. दारावर टकटक झाल्यासारखं वाटलं की काम फत्ते.

नवी गाणी? हवीतच, नाहीतर जुने चाहते विकत कशाला घेतील? १९९८च्या अल्बममधलं 'इफ आय टोल्ड यू दॅट' घ्या, त्यात गायक जॉर्ज मायकलचा आवाज मिसळा, झालं नवं. शिळ्या कढीला ऊत आणायला गॅस कंपनीचाच आहे.

मूळ नाचगाण्यांसाठी लोक ओरडतील. ओरडू द्या. सात वर्षं थांबा आणि २००७मध्ये तीच मूळ गाणी एका सीडीवर युरोपात विका, नाव 'द अल्टिमेट कलेक्शन'. अल्टिमेट म्हणजे शेवटचा, असा अर्थ कुणी काढला तर लक्ष देऊ नका. कारण २०१२च्या फेब्रुवारीत बाई गेल्या आणि नोव्हेंबरात, नाताळच्या खरेदीला बरोब्बर, आणखी एक संच आला. सोबत न ऐकलेलं एक गाणं, आणि जास्त पैसे मोजणाऱ्याला दोन सीडींची आवृत्ती.

तिन्ही संच घेणाऱ्याच्या घरी 'सेव्हिंग ऑल माय लव्ह फॉर यू' तीनदा येतं. कपाट त्याचं आहे, तुम्हाला काय.