नगरसेवकाला परत बोलावणं : ‘एक वडगावकर’ यांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

नगरसेवकाला मुदतीआधी परत बोलावण्याचा अधिकार मतदारांना हवा, या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच तिखट लिहिलंत. तुमचे आक्षेप असे : हे अमेरिकेचं खूळ आहे, पडलेला उमेदवार दुसऱ्या दिवसापासून सह्या गोळा करत फिरेल, आणि आपल्या बेळगावसारख्या सीमाभागात मराठी नगरसेवकाला घरी बसवायला कर्नाटक सरकारच्या हाती आयतं कोलीत मिळेल.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण खरी ठसठस तिथंच आहे. कोलीत सरकारकडे आहेच की! 2005 मध्ये बेळगाव महापालिकेत महाराष्ट्रात विलीनीकरणाचा ठराव झाला, सरकारनं महापालिका बरखास्त केली. 2011 मध्ये महापौर-उपमहापौर 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनात (कर्नाटकात डांबल्याच्या निषेधात) सामील झाले, पुन्हा बरखास्त. बरखास्तीनंतर सहा महिन्यांत निवडणूक घ्या, असं राज्यघटना सांगते. आपल्याकडे ती झाली थेट मार्च 2013 मध्ये. तुम्हाला-मला कुणी विचारलं होतं? खाऊ कट्ट्याच्या, म्हणजे खाद्यपदार्थांच्या गाळ्यांच्या प्रकरणात 2025 मध्ये दोन नगरसेवक अपात्र ठरले, तेही प्रादेशिक आयुक्त या सरकारी अधिकाऱ्याच्या आदेशानं, पुढं कोर्टकचेऱ्या. ते दोषी की निर्दोष, हा वाद बाजूला ठेवा. त्यांच्या प्रभागातल्या मतदाराला ना ‘काढा’ म्हणता आलं, ना ‘राहू द्या’. म्हणजे काढायची सोय आहेच, फक्त किल्ली आपल्याकडे नाही. नव्या तरतुदीनं बरखास्तीचं कलम जाणार नाही, हे मलाही कळतं. पण परत बोलावण्याच्या गुप्त मतदानात प्रभागानं ज्याला राखलं, त्याला वरून हलवणं सरकारला थोडं तरी जड जाईल.

‘पाच वर्षं थांबा’ असंही तुम्ही म्हणता. कुठली पाच? मत दिलं सप्टेंबर 2021 मध्ये, महापौर बसला फेब्रुवारी 2023 मध्ये, आणि मुदत मोजायची त्या पहिल्या सभेपासून. 2021 ची शाई 2028 च्या सुरुवातीपर्यंत पुरवायची!

आमच्या गल्लीत पाइपलाइनसाठी रस्ता उकरला आणि चर नुसत्या मातीनं बुजवून ठेकेदार गेला. पहिल्या पावसात दूधवाल्याची स्कूटर त्यात रुतली, कॅन घरंगळत गटारीत. नगरसेवकांना फोन लावला की ठरलेलं उत्तर : ‘अण्णा मीटिंगात आहेत.’ हे अण्णा मराठीच बरं का. सभेची विषयपत्रिका मराठीत द्या, ही मागणी झाली तेव्हाही बाकावरून हलले नव्हते. मराठी म्हणून त्यांना सांभाळून घ्यायचं, तर नेमकं काय सांभाळायचं?

अमेरिकेचं म्हणाल तर खरंच आहे. 1903 मध्ये लॉस एंजेलिस शहराच्या सनदेत, म्हणजे कारभाराच्या मूळ नियमांत, ही तरतूद आली आणि पुढच्याच वर्षी तिथल्या एका नगरसेवकाला मतदारांनी घरी पाठवलं. पालिकेच्या छपाईचं काम त्यानं जास्त दर लावणाऱ्या वर्तमानपत्राला मिळवून दिलं होतं. वाचताना मला तरी परकं वाटलं नाही. आणि छत्तीसगड काही अमेरिकेत नाही. तिथं 2008 मध्ये तीन नगर पंचायतींचे अध्यक्ष मतदारांनीच पदावरून काढले.

राहिला पडलेला उमेदवार. मध्य प्रदेशच्या कायद्यात नगरपालिकेच्या अध्यक्षासाठी साधी सोय आहे : निवडून आल्यावर पहिली काही वर्षं हात लावायचा नाही आणि अख्ख्या मुदतीत ही प्रक्रिया एकदाच. तेवढ्यानं दुसऱ्या दिवशीचा उत्साह बराच ओसरतो. मात्र तिथं मतदारांकडे जाण्याआधी तीन चतुर्थांश नगरसेवकांच्या सह्या लागतात, ती अट मला नको. घोडेबाजार तिथूनच सुरू होतो. बिहारमध्ये उलट, प्रभागातल्या दोन तृतीयांश मतदारांनी सह्या केल्या की नगरसेवकाचं पद जातं. हा आकडा मला फार मोठा वाटतो. जिथं मतदानालाच निम्मे लोक येतात, तिथं इतक्या सह्या आणणार कोण?

माझा आग्रह वेगळा आहे. सह्यांचे कागद घरोघरी फिरवायचे नाहीत. दारात चार जण उभे राहिले की नाही म्हणणं अवघड जातं. मतदारानं ओळखपत्र घेऊन तहसीलदार कचेरीत जावं आणि तिथल्या वहीत सही करावी. गर्दी कमी होईल, होऊ दे. यावर तुमचा आक्षेप असेल तर जरूर कळवा.