‘आजच गोळ्या बंद करा’ सांगणाऱ्या एमएसच्या मेसेजला उत्तर

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस (यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला करते) असलेल्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या फोनवर एक लांबलचक मेसेज पुन्हा पुन्हा येऊन पडतो. त्याचा सारांश असा: हा रोग बरा होत नाही, डॉक्टरांच्या गोळ्या फक्त लक्षणं दाबतात. पाय आखडू नयेत म्हणून दिलेल्या गोळ्यांनी स्नायू निकामी होतात आणि सवय लागते, म्हणून त्या आजच बंद करा. थकव्यावर आणि चालण्यावर मात्र खरी औषधं आहेत, ती मागून घ्या. दुखत असेल तर साधी वेदनाशामक गोळी पुरे. लघवीचा त्रास असेल तर पाणी कमी प्या. त्रास वाढला की स्टिरॉइड घ्या. आणि बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसने मायलिन, म्हणजे चेतातंतूंभोवतीचं नष्ट झालेलं आवरण, परत येतं.

औषधं निरुपयोगी म्हणून सुरुवात करायची आणि शेवटी स्वतःच औषधांची यादी द्यायची, हे गमतीचं आहे. पण यातलं एक वाक्य कुणाच्या जिवावर बेतू शकतं.

“रोग बरा होत नाही, मग लक्षणं दाबून काय मिळतं?”

पहिला अर्धा भाग खरा. एमएस मुळासकट घालवणारं औषध आज नाही. पण या आजारात दोन वेगळ्या कामांची औषधं असतात आणि मेसेज त्यांची सरमिसळ करतो. पहिली प्रतिकारशक्तीला आवर घालतात, त्यामुळे मेंदू आणि मज्जारज्जूवरचे नवे हल्ले कमी होतात. १९९३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं इंटरफेरॉन बीटा-१बी या गटातलं पहिलं, २०१७ मध्ये मान्यता मिळालेलं ऑक्रेलिझुमॅब बरंच नंतरचं. ती घेतली म्हणून आखडलेला पाय सैल होत नाही किंवा जुन्या इजेची जळजळ थांबत नाही. ते काम दुसऱ्या प्रकारच्या औषधांचं, आणि ती रोगाचा वेग कमी करतील अशी अपेक्षा कुणी ठेवलेलीच नसते.

शिवाय लक्षण तसंच सोडलं तर ते जागच्या जागी थांबत नाही. सतत आखडलेला सांधा हळूहळू त्याच स्थितीत जखडतो, दाब पडणाऱ्या जागी जखमा होतात. मूत्राशय पूर्ण रिकामं होत नसेल तर संसर्ग होत राहतो.

“आखडण्यावरच्या गोळ्यांनी स्नायू निकामी होतात, सवय लागते, आजच बंद करा”

जिवावर बेतणारं वाक्य ते हेच. ताठरपणावर सर्वात जास्त दिलं जाणारं औषध बॅक्लोफेन. मज्जारज्जूत स्नायूंना आखडायला लावणारे जादा संदेश ते कमी करतं. त्याने अशक्तपणा जाणवतो ही तक्रार खोटी नाही. ज्यांच्या पायात मुळातच जोर कमी आहे, त्यांना उभं राहायला कधीकधी तो ताठरपणाच आधार देत असतो. डोस जास्त झाला की तो आधार जातो आणि गुडघा दगा देतो. यात स्नायू मरत नाही, डोस कमी केला की फरक दिसतो. म्हणूनच सुरुवात साधारण ५ मिलिग्रॅमपासून करून डोस हळूहळू वाढवतात. ताठरपणा शून्यावर आणायचा नसतो. चालणं, झोप, कपडे घालणं सोपं व्हावं इतपतच कमी करायचा असतो.

आता सवयीबद्दल. शरीर बॅक्लोफेनला सरावतं हे खरं, पण नशेची ओढ वेगळी. आणि शरीर सरावलेलं असतं म्हणूनच ते एकदम बंद करायचं नसतं. अचानक थांबवल्यास भास होऊ शकतात, फिट येऊ शकते, ताठरपणा पूर्वीपेक्षा जोरात उलटतो. काहींना हे औषध पोटाच्या त्वचेखाली बसवलेल्या पंपातून थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात मिळतं. तिथे पुरवठा तुटला तर तीव्र ताप आणि कमालीचा ताठरपणा येऊन मृत्यूही ओढवू शकतो. गोळी नको असेल तर ती जरूर बंद होऊ शकते, पण डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने.

दुसरं औषध टिझॅनिडिन. त्याने झोप येते, तोंड कोरडं पडतं, रक्तदाब उतरतो, यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. मेसेजला भीतीच घालायची होती तर खरी भीती इथे होती: टिझॅनिडिन चालू असताना सिप्रोफ्लॉक्सासिन घ्यायचं नसतं, कारण रक्तातली टिझॅनिडिनची पातळी कित्येक पटींनी वाढते आणि रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो. एमएसमध्ये लघवीचा संसर्ग नेहमीचा आणि सिप्रोफ्लॉक्सासिन हे त्यावर अनेकदा लिहिलं जाणारं प्रतिजैविक, त्यामुळे ही गाठ सहज पडते. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे जाताना चालू गोळ्यांची यादी न्या.

ताठरपणा एखाद्याच स्नायूगटात असेल तर गोळ्यांनी सगळं अंग सुस्त करण्यापेक्षा तिथेच बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन देता येतं. त्याचा असर साधारण तीन महिने टिकतो.

“थकव्यावर औषध आहे, मागून घ्या”

इथे मेसेज अचानक औषधांचा भक्त होतो, नेमका जिथे संशय घ्यायला हवा तिथे. अमँटाडिन, मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेट ही तीन औषधं वर्षानुवर्षं थकव्यासाठी दिली गेली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत १४१ रुग्णांना ही तिन्ही आणि एक बिनऔषधी गोळी आळीपाळीने देण्याची आखणी होती. थकव्याच्या गुणांकनात तिन्हींपैकी एकही बिनऔषधी गोळीच्या पुढे गेलं नाही, दुष्परिणाम मात्र जास्त झाले. एखाद्याला फायदा होणारच नाही असं यावरून म्हणता येत नाही, पण हट्टाने मागून घेण्यासारखं त्यात काही नाही.

त्याआधी पाहायच्या गोष्टी पुष्कळ आहेत. रात्री चार वेळा लघवीला उठावं लागतं का? नैराश्य आहे का? रक्तक्षय, थायरॉइड? आणि आखडण्यावरच्या किंवा दुखण्यावरच्या गोळ्यांचीच ही गुंगी नाही ना?

“चालणं सुधारणारी गोळी सगळ्यांना चालवते”

ही गोळी म्हणजे फॅम्प्रिडिन. तिला अमेरिकेत २०१० मध्ये मान्यता मिळाली. मायलिन गेलेल्या तंतूंमधून पोटॅशियम गळतं आणि संदेश विरतो. ही गोळी ती गळती अडवते. एका मोठ्या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी ३५ टक्क्यांची चाल सातत्याने वेगवान झाली, बिनऔषधी गोळीवर ८ टक्क्यांची. ज्यांना फायदा झाला त्यांचा वेग सरासरी पाव हिश्शाने वाढला. म्हणजे औषध खरं आहे, पण बहुतेकांसाठी नाही. म्हणून ठरावीक अंतर चालायला लागणारा वेळ आधी मोजतात, दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा मोजतात, फरक नसेल तर थांबवतात. पूर्वी फिट आलेल्यांनी किंवा मूत्रपिंडाचं काम बरंच मंदावलेल्यांनी ती घ्यायची नसते. १० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्यांत बारा तासांचं अंतर ठेवायचं आणि चुकलेली गोळी दुप्पट घेऊन भरून काढायची नाही, कारण डोस वाढला की फिटचा धोका वाढतो.

“दुखतंय तर साधी वेदनाशामक गोळी पुरे”

खांदा किंवा कंबर दुखत असेल तर ठीक. चेतातंतूंच्या इजेतून येणारी जळजळ आणि चटके यांना साधी गोळी सहसा दाद देत नाही. तिथे गॅबापेंटिन, प्रेगॅबालिन, ड्युलोक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलिन देतात. चेहऱ्यात विजेसारखी कळ जाते तेव्हा कार्बामाझेपिन.

“लघवीचा त्रास? पाणी कमी प्या”

पाणी तोडलं की लघवी दाट होते, बद्धकोष्ठता वाढते आणि संसर्गाची शक्यताही. घाई लागत असेल तर सोलिफेनासिनसारखी औषधं मूत्राशय शांत करतात, पण तोंड कोरडं पाडतात आणि विचारांना मांद्य आणू शकतात. मिराबेग्रॉनमध्ये तो त्रास कमी. मात्र गोळीआधी, लघवी करून आल्यावर आत किती उरते हे सोनोग्राफीत पाहायला हवं. खूप उरत असेल तर शांत करणारी गोळी प्रश्न वाढवते.

“त्रास वाढला की स्टिरॉइड”

२४ तासांहून जास्त टिकलेलं नवं लक्षण, तेही ताप किंवा संसर्ग नसताना, तेव्हाच खरा झटका मानतात. ताप, संसर्ग, उकाडा यांनीही जुनी लक्षणं उसळतात. अशा वेळी संसर्गावर इलाज करायचा असतो, आणि स्टिरॉइड संसर्गाला मोकळं रान देऊ शकतं. खऱ्या झटक्यातही ते सुधारणेचा वेग वाढवतं, अंतिम फरक फारसा पडत नाही.

“बायोटिनने मायलिन परत येतं”

वाढत जाणाऱ्या एमएसमध्ये दिवसाला ३०० मिलिग्रॅम बायोटिन देऊन झालेली ६४२ जणांची चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. सुधारणा १२ टक्क्यांमध्ये, बिनऔषधी गोळीवर ९ टक्क्यांमध्ये. हा फरक योगायोगापलीकडचा ठरला नाही. इतक्या डोसमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्याचं निदान करणाऱ्या ट्रोपोनिनच्या रक्ततपासण्या चुकीच्या येऊ शकतात. घेत असाल तर रक्त देण्याआधी प्रयोगशाळेला सांगा.