एक वेढा म्हणजे एक इंच? दाजी, तो फोटो आधी डिलीट करा

बुधवारी रात्री साडेनऊला भाच्याचा फोन. "मामा, तुझ्याकडे ग्राइंडर आहे ना? शनिवारी लागेल." म्हटलं कशाला, तर म्हणे स्प्रिंग कापायचीय, पुढच्या दोन्ही, तीन-तीन वेढे. मी जेवत होतो, ताट तसंच ठेवून उठलो.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. भाचा इथे कॅलिफोर्नियातच असतो, आणि त्याने यंदा १९६९ची शेव्हरोले सी-टेन पिकअप घेतली, छोट्या हौद्याची, रंग उडालेली पण चासी ठणठणीत. आता सी-टेन घेतली की ती खाली बसवायची हे इथलं ठरलेलंच असतं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, १९६७ ते ७२ची ही गाडी खाली बसली की दिसतेच देखणी. तक्रार आहे ती एका फोटोबद्दल. "तुमचा ट्रक किती लो आहे? ५ सोपे नियम" असला तो इंग्रजी फोटो गेले दोन महिने सगळीकडे फिरतोय. मला तो ऑफिसातल्या एकाने पाठवला, भाच्याने पाठवला, आणि कहर म्हणजे नाशिकहून दाजींनी पाठवला, खाली स्वतःची टीप टाकून, "सोपं आहे, उगाच गॅरेजवाल्याला पैसे देऊ नये." दाजी, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे वाचा.

फोटोत म्हटलंय ते असं. एक, जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा आणि "ओरिजिनल" आकड्यातून वजा करा, तेवढी गाडी खाली. दोन, टेप नसेल तर टायर आणि मडगार्डमधल्या फटीत बोटं घाला, एक बोट एक इंच. तीन, गाडी खाली करायच्या किटवर ४/६ (पुढे चार, मागे सहा इंच) लिहिलं असेल तर मोजायची गरजच नाही. चार, पुढच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला की बरोबर एक इंच उतरते, थोडं कमी पडलं तर टॉर्चने गरम करा. पाच, कॅलिफोर्नियात चार इंचांपेक्षा जास्त खाली केलेली गाडी बेकायदा.

चौथ्यापासूनच सुरू करतो, कारण बाकीच्यांनी फार तर आकडा चुकेल, याने माणूस जाईल.

स्प्रिंगचा वेढा कापल्यावर गाडी किती उतरते? विचार करा, स्प्रिंग गाडीच्या वजनाखाली दबून बसलेली आहे, आणि त्या दबलेल्या स्थितीत प्रत्येक वेढ्याने थोडी थोडी उंची वाटून घेतलीय. एक वेढा काढला की तेवढाच वाटा गेला, म्हणजे गाडी उभी असताना एका वेढ्यापासून पुढच्या वेढ्यापर्यंत जे अंतर दिसतं ना, मध्यापासून मध्यापर्यंत, तेवढी उंची कमी झाली. हे अंतर प्रत्येक स्प्रिंगला वेगळं, सहा सिलिंडरच्या इंजिनाला वेगळी स्प्रिंग, व्ही-एटला वेगळी. समजा ते सव्वा इंच आहे. मग गाडी सव्वा इंच उतरली? नाही! कारण पुढची स्प्रिंग चाकावर बसत नाही, चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या आर्मवर मधे कुठेतरी बसते, आणि आर्मचं एक टोक चासीला, दुसरं चाकाकडे. स्प्रिंग जर आर्मच्या अर्ध्यावर असेल तर स्प्रिंगपाशी सव्वा म्हणजे चाकापाशी अडीच इंच. भाचा तीन वेढे कापणार होता, तीन इंच धरून. हिशोब करा. साडेसात इंच. म्हणजे साडेसात उतरायच्या आधीच आर्म बंपस्टॉपवर, म्हणजे शेवटी अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आदळून बसला असता आणि चिरंजीव तीच गाडी घेऊन फ्रीवेवर निघाले असते.

आणि एवढ्यावर भागत नाही. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते. आठ वेढे काम करत असतील आणि एक काढला तर उरलेली स्प्रिंग आठ-सप्तमांश पट कडक, सुमारे १४ टक्के. थोडं कडक झालेलं चांगलंच की, कारण हालायला जागाही कमी उरलीय, हे मी नाइलाजाने मान्य करतो, आणि हेही मान्य करतो की जुने लोक स्प्रिंगा कापायचे, अर्धा-अर्धा वेढा, कापायचा, बसवायचा, मोजायचं, पुन्हा काढायचं. त्यात त्यांचा अख्खा रविवार जायचा आणि म्हणूनच ते वाचायचे. "एक वेढा एक इंच" असलं सूत्र त्यांनी कधी पाळलं नाही.

टॉर्चने गरम करण्याबद्दल काय बोलू? स्प्रिंगच्या पोलादाला जे पाणी दिलेलं असतं, जो टेंपर असतो, त्याच्यावरच तर ती परत वर येते. लाल होईपर्यंत तापवलं की तो भाग मऊ पडला, आज दोन इंच बसली, पुढच्या महिन्यात आणखी एक, डावी वेगळी उजवी वेगळी, आणि एक दिवस त्याच जागी मोडते. आमच्या नाशकात कुठल्याही पाटेवाल्याला विचारा, पाटा गॅसवर तापवून वाकवला आणि पुन्हा पाणी दिलं नाही तर काय होतं. दाजी, तुमच्या घरापासून पाच मिनिटांवर आहे हो एक, त्याला जाऊन विचाराच.

आता पहिला नियम. हा सगळ्यात जास्त लोकांना पटतो, कारण दिसायला बरोबर दिसतो. टेप जमिनीला टेकवली, मडगार्डची कड वाचली, झालं. अरे पण मधे टायर आहे ना! २३५/७५ आर १५ टायरचा व्यास होतो ७३३ मिलिमीटर, आणि २२५/६० आर १५चा ६५१. फरक ८२, त्याचा अर्धा ४१ मिलिमीटर, म्हणजे नुसतं टायर बदललं तर गाडी दीड इंचाहून जास्त "लो" झाली, सस्पेन्शनच्या एका बोल्टला हात न लावता. उलटंही होतं, मोठं चाक घातलं की किट बसवूनही टेप म्हणते काहीच उतरली नाही, आणि मग माणूस पुन्हा स्प्रिंग कापायला निघतो.

शिवाय तो "ओरिजिनल" आकडा कुठला? फोटोत एकच आकडा दिलाय, ६७ ते ७२च्या जीएमच्या सगळ्या पिकअपसाठी. त्याच वर्षांत शेव्हीच्या अर्ध्या टनाच्या गाडीला मागे कॉइल स्प्रिंग यायची आणि जीएमसीच्या जुळ्या भावाला पाटे स्टँडर्ड. हौदा छोटा तर व्हीलबेस ११५ इंच, लांब तर १२७. फोर-व्हीलवाली के-टेन मुळातच उंच. या सगळ्यांना एक आकडा? आणि स्प्रिंगा पन्नासहून जास्त वर्षांच्या, त्या केव्हाच बसल्यात, म्हणजे वजाबाकी करून जो "ड्रॉप" आला त्यातला इंचभर तर म्हातारपणाचा.

मग मोजायचं कसं? चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत, सरळ उभ्या रेषेत. टायर कुठलंही असो, हवा किती का असेना, चाकाचा मध्य आणि बॉडी यांच्यातलं अंतर सस्पेन्शनच ठरवतं. आणि तुलना कुणाच्या फोटोतल्या आकड्याशी नाही, आपल्याच गाडीच्या आधीच्या मापाशी. एवढंच आहे. आधी मोजलं नसेल तर किती उतरली हे कुणीही छातीठोक सांगू शकत नाही, कशी बसलीय एवढं सांगू शकतो.

शनिवारी मी ग्राइंडर न नेता ओळंबा नेला. भाचा हसला, त्याला वाटलं मामा भिंत बांधायला आलाय. मडगार्डच्या कडेला मास्किंग टेपचा तुकडा लावला, त्यावर पेन्सिलने खूण, ओळंबा सोडला, दोरी बरोब्बर हबच्या मध्यावरून जाईल अशी खूण सरकवली, मग माप. टूलबॉक्स आणि ते दोन जुने बॅटरीचे डबे हौद्यातून खाली काढले. पेट्रोल किती आहे ते लिहून ठेवलं, कारण या गाडीत टाकी सीटच्या मागे केबिनमध्येच असते, वीस गॅलन भरलं तर १२० पौंड तिथे बसलेत असं समजा. गॅरेजची जमीन दाराकडे उतरती होती, पाणी जायला ठेवतातच तशी, त्यामुळे गाडी आतबाहेर ढकलून त्यातल्या त्यात सपाट जागा शोधली. जॅकवरून उतरवल्या उतरवल्या मोजायचं नाही हेही त्याला दाखवलं, पुढची चाकं आत ओढलेली राहतात आणि गाडी वर अडकून बसते, दहा-बारा फूट पुढेमागे ढकलली की कुरकुरत खाली येते. आमची पाऊण इंच आली! पाऊण इंच, काहीच न करता. फोटोवाल्याने तेवढ्यात एक नियम केला असता.

आणखी एक गंमत. उजवीकडचं माप डावीपेक्षा तीन अष्टमांश इंच कमी. भाचा लगेच म्हणाला, उजवी स्प्रिंग गेली. म्हटलं थांब. खाली झोपून चासीच्या दांडीपासून जमिनीपर्यंत दोन्हीकडे मोजलं तर सारखं. मग बॉनेट उघडून पाहिलं, उजवं मडगार्ड आधीच्या कुणा मालकाने बदललेलं, बोल्टखाली एका जागी दोन वॉशर, दुसरीकडे एकही नाही. मडगार्ड वाकडं होतं, गाडी नाही. एकाच टेपवर विश्वास ठेवून आम्ही एका बाजूचीच स्प्रिंग बदलली असती.

किटवरच्या ४/६बद्दल म्हणाल, तर यात अर्धं खरं आहे. कंपन्या सहसा प्रामाणिकच लिहितात, पण धडधाकट मूळ स्प्रिंगच्या तुलनेत. तुमची आधीच एक इंच बसलेली असेल तर चारचे तीनच मिळणार आणि मग लोक शिव्या घालतात. मागे जास्त का, तर कारखान्यातून हौदा ओझ्यासाठी वर ठेवलेला असतो, रिकामी गाडी पुढे झुकलेली दिसते, ती सपाट दिसावी म्हणून. पुढच्या चारमधले दोन-अडीच बऱ्याचदा ड्रॉप स्पिंडलने येतात, त्यात चाकाची पिनच वर सरकवलेली असते, त्यामुळे आर्मचा कोन जसाच्या तसा. नुसता आर्मचा तिरकेपणा बघून "ही दोनच इंच आहे" म्हणणारे पंडित इथेच फसतात. हबपासून मोजलं की दोन्ही मापात येतं.

बोटांच्या नियमावर वेळ घालवत नाही. आजी कुकरमध्ये भाताचं पाणी बोटाच्या पेराने मोजायची आणि भात कधी बिघडला नाही, पण आजी भातच करत होती. चार बोटं मिळून माझी तीन इंच भरतात, भाच्याची साडेतीन, आणि ती फट टायरवर अवलंबून, वर सांगितलंच.

कायद्याचं मात्र बघा, इथे फोटो नुसता चुकीचा नाही, शिळाही आहे. कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेत कलम २४००८ होतं, १९५८पासूनचं. त्यात चार इंच, पाच इंच असा आकडाच नव्हता. नियम असा, की मूळ रचनेत बदल केलेल्या गाडीचा चाकाव्यतिरिक्त कुठलाही भाग रिमच्या सगळ्यात खालच्या टोकापेक्षा खाली नको. किती हुशार माप आहे बघा, टायर फुटलं तर गाडी रिमवर येणार, तेव्हा रस्त्याला रिमच टेकली पाहिजे, आर्म किंवा ऑइल पॅन नाही. म्हणजे दहा इंच उतरवूनही कुणी कायद्यात बसू शकत होता आणि तीन इंचात बाहेर जाऊ शकत होता. याच कलमातून वाट काढायला १९५०च्या दशकाच्या अखेरीस रॉन अगिरे याने आपल्या कॉर्व्हेटला विमानाच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप लावले, पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली. आणि ते कलमच असेंब्ली बिल ४३६ने काढून टाकलं, १ जानेवारी २०२४पासून. कायदा गेला तरी ते माप मी भाच्याला पाठ करायला लावलंय. चारही रिमच्या खालच्या टोकांना दोरी ताणायची, दोरीच्या खाली काही लोंबतंय का बघायचं, आणि लोंबत असेल तर तिथेच थांबायचं.

जमिनीपासूनच्या मापाचा उपयोग तेवढाच, दोरीसाठी आणि ड्राइव्हवेच्या उंचवट्यासाठी. ते घ्या जरूर. त्याला ड्रॉप म्हणू नका.

आणि जे माप त्या फोटोत नाहीच ते म्हणजे खाली उतरल्यावर हालायला किती जागा उरली. मागे सहा इंच उतरवलं की अ‍ॅक्सल चासीला जवळजवळ टेकतो, म्हणूनच चासीला खालून अर्धगोल खाच पाडून मजबुतीची पट्टी लावतात. आम्ही सध्याची जागा किती वापरली जाते ते बघायला बंपस्टॉपवर कणकेचा गोळा चिकटवला, बहिणीच्या फ्रीजमधलाच, आणि कॉलनीत दोन चकरा मारल्या, स्पीडब्रेकरवरून मुद्दाम. परत येऊन पाहिलं तर गोळा भाकरीएवढा चपटा. उरलेली जाडी पाव इंच. मूळ उंचीवर असताना ही गत, आणि हा तीन वेढे कापणार होता!

शॉक गेलेत, ते आधी बदलायचे ठरलंय. चारही चाकांची मापं पट्टीवर लिहून ग्लव्हबॉक्सच्या झाकणाच्या आत चिकटवलीत, तारीख आणि पेट्रोलचा काटा कुठे होता त्यासकट. किट पुढच्या महिन्यात. कणीक तेव्हा मी घरूनच नेणार, बहीण पुन्हा देईल असं वाटत नाही.