मोगरा खाणारी चेटकीण? सुझ्झानाबद्दलचा तो मेसेज खोटा आहे

परवा सकाळी आत्याकडे गेले, तर ती देवघरासमोर बसून परडीतल्या मोगऱ्याच्या कळ्या चावत होती. "आत्या, हे काय खातेस?" विचारलं, तर म्हणाली, "अगं, त्या इंडोनेशियाच्या नटीने जन्मभर खाल्ला मोगरा. शेवटपर्यंत म्हातारी दिसली नाही." आणि मोबाईल माझ्या हातात दिला. हा मेसेज मलाही तीन-चार ठिकाणांहून आला होता. मी न वाचताच पुढे गेले होते, याचं आता वाईट वाटतंय. आत्याला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि त्या मेसेजात "साखरेवरही गुणकारी" असं लिहिलंय.

मेसेजात काय आहे ते थोडक्यात सांगते. इंडोनेशियाच्या भयपटांची राणी सुझ्झाना खरोखर काळी जादू करायची. मोगरा खाऊन तिने वय थांबवलं, पुरावा म्हणून साठीतला फोटो. तिने जन्मभर भुतांचेच सिनेमे केले, कारण तिला अभिनय करावाच लागत नसे. आणि ऐन वाढदिवशी "शक्तींनी तिला परत नेलं".

आधी फोटो. तो सुझ्झानाचा नाहीच. ती तिथलीच दुसरी नटी लुना माया आहे, २०१८ साली आलेल्या सिनेमात सुझ्झानाच्या रूपात. चेहऱ्यावर मेकअपचे थर चढवून तिला हुबेहूब सुझ्झाना केलं होतं. सुझ्झानाला जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. 

आता मोगरा. इथे अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. ती ही फुलं खायची, असं तिच्या नवऱ्याने, क्लिफ्ट सांग्राने, स्वतः सांगितलेलं आहे. पण त्यावरून थेट स्वर्ग गाठायचा? ज्याला ते लोक मेलाती म्हणतात तो आपला मोगराच, इंडोनेशियाचं राष्ट्रीय फूल. जावामध्ये नवरीच्या केसांत त्याच्याच माळा असतात. आणि रात्री आसपास झाड नसताना त्याचा वास आला की तिथे भूत असतं, असाही तिथे समज आहे. पडद्यावर भूत होणारी बाई मोगरा खाते म्हटल्यावर अफवेला आणखी काय हवं? वय थांबण्याचं म्हणाल, तर सुझ्झानालाच मधुमेह होता आणि ६६व्या वर्षी ती त्याच आजाराने गेली. साखरेवर मोगरा म्हणे! बाजारातल्या फुलांवर किती औषधं मारलेली असतात हे फूलवाल्याला विचारा, आणि मग त्या कळ्या तोंडात घाला.

पण माझं डोकं खरं फिरलं ते काळ्या जादूच्या मुद्द्याने. "चेटकीण होती, म्हणून भूमिका इतक्या खऱ्या वाटायच्या" हे वाक्य लिहिणाऱ्याने तिचा एक सिनेमा तरी पाहिलाय का? "काळ्या जादूची राणी" हे बिरुद ज्यावरून तिला चिकटलं, तो "रातू इल्मू हितम" १९८१चा, दिग्दर्शक लिलिक सुदजिओ. गोष्ट अशी. मुर्नी नावाच्या खेड्यातल्या मुलीला कोहार लग्नाचं वचन देऊन फसवतो आणि दुसरीशी लग्न लावतो. त्या लग्नात नवरीला भयंकर काहीतरी दिसायला लागतं, ती किंचाळत सुटते. कोहार म्हणतो, हे मुर्नीनेच केलं, ती करणी करते. गाव एका शब्दाने विचारत नाही. मुर्नीला फरफटत नेतात आणि कड्यावरून खाली ढकलून देतात.

तिने तोवर कसलीही जादू केलेली नसते. कड्याखाली तिला वाचवणारा म्हातारा तिला जादू शिकवतो आणि सूड घ्यायला परत पाठवतो, तेव्हा कुठे ती गाव म्हणत होतं ती चेटकीण होते. बाईवर खोटा आळ घेऊन तिला संपवू पाहणाऱ्या गावाची ही गोष्ट आहे. या भूमिकेसाठी १९८२च्या इंडोनेशियन चित्रपट महोत्सवात तिला उत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन होतं. आणि आज तोच आळ, तिच्याच नावावर, आपण घरोघरी पाठवतोय. आपल्याकडेही करणीच्या संशयावरून बायकांना मारलंय, गावाबाहेर काढलंय. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा उगाच नाही झाला. मेलेल्या परदेशी बाईला म्हटलं तर काय बिघडलं, असं मला एका भावाने विचारलं. बिघडतं हे की आत्याच्या मनात "अशा बायका असतात" हे पक्कं होतं, आणि उद्या गल्लीतली एखादी एकटी बाई त्यात बसते.

शूटिंगआधी ती ध्यान करायची, उपास धरायची, असं तिकडे सांगतात. असेलही. आपल्याकडे नारळ फोडल्याशिवाय कॅमेरा सुरू होत नाही, म्हणून आपण कुणाला मांत्रिक म्हणतो का?

फक्त भुतांचेच सिनेमे, हेही साफ खोटं. १४ ऑक्टोबर १९४२ला बोगोरला जन्मलेली ही मुलगी १९५८ साली, पंधरा-सोळाव्या वर्षी, उस्मार इस्माईल यांच्या "अस्रामा दारा"त झळकली. ज्यांच्या सिनेमाच्या शूटिंगचा पहिला दिवस, ३० मार्च, इंडोनेशिया राष्ट्रीय चित्रपट दिन म्हणून पाळतो, ते हे दिग्दर्शक. पुढे आशियाई महोत्सवात तिला बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला. १९७०च्या "बेर्नाफास दालम लुंपूर"मध्ये ती नवऱ्याच्या शोधात जकार्ताला येऊन वेश्याव्यवसायात ढकलली गेलेली खेडवळ बाई आहे. त्यात भूतबीत काही नाही. "सुंदेल बोलोंग", "न्यी ब्लोरोंग" वगैरे भुताखेतांचे सिनेमे ऐंशीच्या दशकातले, तोवर तिची दोन तपांची कारकीर्द झालेली होती.

राहता राहिला मृत्यू. १५ ऑक्टोबर २००८, जावामधलं मागेलांग शहर. वाढदिवशी नाही, दुसऱ्या दिवशी. आजारी बाई आजाराने गेली.

आत्याला मी मुर्नीच्या कड्याचा प्रसंग मोबाईलवर दाखवला. भाषा कळत नव्हती तरी ती डोळ्यांना पदर लावून बसली, आणि मग स्वतःच मेसेज काढून टाकला. तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर तो अजून आहे. तुमच्याकडे आला असेल, तर पाठवणाऱ्याला हे लगेच पाठवा.