सेट म्हणजे ठेवणे नव्हे, रन म्हणजे धावणे नव्हे

आमच्या कळव्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज तिसऱ्यांदा येऊन पडला. आधी एका पालकांनी टाकला, मग त्यांच्याच मजल्यावरच्या दुसऱ्यांनी, आणि परवा खुद्द माझ्या वहिनीने, खाली जोडलेल्या हातांची तीन चित्रं लावून. मेसेज असा:

"इंग्रजीत सर्वात जास्त अर्थ असलेला शब्द 'सेट'. तब्बल 430 अर्थ! गिनीज बुकात नोंद!! दुसरा नंबर 'रन'चा. पण घाबरू नका. सेट म्हणजे ठेवणे, रन म्हणजे धावणे, हे दोन अर्थ मुलांकडून पाठ करून घ्या, बाकीचे आपोआप येतात. आपल्या मायमराठीत मात्र असा गोंधळ नाही. एक शब्द, एक अर्थ. प्रत्येक पालकापर्यंत पोचवा."

मी काही इंग्रजीचा मास्तर नाही. 26 वर्षं रबाळ्याच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये काढली. पण तिथे हे दोन शब्द पाळीभर कानावर आदळायचे, आणि त्यांची गल्लत झाली की जॉब, म्हणजे यंत्रावर घडवायचा नग, भंगारात जायचा. त्यामुळे हा मेसेज वाचून खाली अंगठ्याचं चित्र टाकून पुढे जाणं काही जमेना.

आधी तो 430 चा आकडा. तो खोटा नाही, शिळा आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1989 साली निघाली. तीत 'सेट' या क्रियापदाचे 430 अर्थ होते आणि ती एकच नोंद जवळपास 60,000 शब्दांची होती, म्हणजे एका बेताच्या कादंबरीएवढी. गिनीजने तोच आकडा उचलला. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी कोश नव्याने तपासायला घेतला, तेव्हा संपादकांनी सुरुवात 'ए'पासून न करता 'एम'पासून केली. त्यामुळे 2000 साली 'मेक'ने 'सेट'ला मागे टाकलं, 2007 साली 'पुट'ने, आणि 2011 साली 'रन'ने. 'रन'चे अर्थ भरले 645, तेही नुसत्या क्रियापदाचे. पीटर गिलिव्हर या संपादकाने त्या एका शब्दापायी नऊ महिने घालवले, असं त्या वेळी छापून आलं होतं.

म्हणजे मेसेजमधला पहिला आणि दुसरा नंबर उलटा झाला. पण म्हणून कोणी लगेच "पहिला नंबर रनचा" असा नवा मेसेज सोडू नये. 430 हे 1989 चं माप आहे, 645 हे 2011 चं. एक जॉब फूटपट्टीने मोजला, दुसरा मायक्रोमीटरने, आणि मग मोठा कोणता म्हणून विचारलं, तर आमचा फोरमन आधी दोन्ही जॉब हातातून काढून घ्यायचा. शिवाय एक अर्थ कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे शेवटी संपादकच ठरवतो. नळाचं पाणी वाहणं आणि नाक वाहणं हे एक मोजायचं की दोन? कोणी एक म्हणेल, कोणी दोन. दोघंही बरोबर.

आणखी एक गोम आहे. चहाचा सेट, गणितातला सेट म्हणजे संच, हे नाम मुळात त्या क्रियापदाचं मूल नाही. ते जुन्या फ्रेंचमधून आलं, आणि त्याच्या मागे अनुयायी किंवा पंथ या अर्थाचा लॅटिन शब्द 'सेक्टा' आहे. पुढे उच्चार एक झाला आणि दोन्ही घराणी एकमेकांत मिसळली. एकाच आडनावाची दोन कुटुंबं एकाच जिन्यावर राहत असली की पोस्टमनची जी दशा होते, ती इथे कोशकाराची झाली. तेव्हा 'ठेवणे' घोकून बसलेल्या पोराला चहाचा सेट 'आपोआप' कसा येईल, ते मेसेज लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

आता मुख्य दावा: सेट म्हणजे ठेवणे. माझं खरं भांडण इथे आहे. 'ठेवणे'साठी इंग्रजीत 'पुट' आहे, 'कीप' आहे. 'सेट' हा 'सिट'च्या घरातला शब्द. सिट म्हणजे बसणे, आणि बसतं करणे म्हणजे सेट. आपण बसणे-बसवणे म्हणतो, अगदी तसं. कळव्याच्या पोराला हे एकदा सांगून बघा. हाडवैद्य निखळलेलं हाड बसवतो, इंग्रजीत तिथे सेट. सोनार अंगठीत खडा बसवतो, सेट. आम्ही लेथवर टूल सेंटरला बसवायचो, सेट. 'ठेवणे' यातल्या एकाही जागी चालत नाही. हाड जागेवर 'ठेवलं' म्हणणाऱ्या वैद्याकडे कोण जाईल?

जिथे 'बसवणे' कमी पडतं, तिथे मराठीचा दुसरा गडी धावून येतो, 'लावणे'. गजर लावला, सापळा लावला, आग लावली, कवितेला चाल लावली, पोराला कामाला लावलं. या पाचही जागी इंग्रजी माणूस 'सेट' वापरतो. आणि माझं सगळ्यात आवडतं उदाहरण स्वयंपाकघरातलं आहे. रात्री दुधाला विरजण लावतात, सकाळी विचारतात, "दही लागलं का?" हे लागणं म्हणजे हुबेहूब 'सेट' होणं. पातळ होतं ते आपल्या जागी धरलं, आता हलवायचं नाही. काँक्रीट सेट होतं तेही तसंच. हा ताळा मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. डबा खाताना दह्याकडे बघताना सुचला.

रनचं दुखणं वेगळं. इथे मेसेजवाल्याने शब्द बरोबर दिला, पण तो उपयोगाचा नाही. रन म्हणजे धावणे, हे पहिलीतलं पोरही सांगेल. पण इंग्रज जिथे जिथे धावतो, तिथे मराठी माणूस बहुतेक वेळा चालतो. दुकान चालवतात, मशीन चालतं, नाटक चालतं, भाडेकरार तीन वर्षं चालतो. या सगळ्यांना इंग्रजीत रन. लोकल गाडी तेवढी आपल्याकडेही धावते. रस्ता आपला नुसता जातो, त्यांचा तोही धावतो. निवडणुकीची तर मजाच आहे. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीत धावतो, इंग्लंडातला उभा राहतो, आणि आपला इंग्लंडातल्यासारखाच उभा राहतो. (आपले काही जण पडतातही, पण तो वेगळा विषय.)

चालण्याशेजारी 'रन'चं दुसरं अंग आहे वाहण्याचं. नाक वाहतं, काजळ पसरतं, धुताना कपड्याचा रंग जातो, सगळीकडे रन. प्लॅस्टिकच्या मोल्डमध्ये वितळलेला माल ज्या पाटातून पोकळीकडे जातो, त्याला आम्ही 'रनर' म्हणायचो. हा रनर कुठे धावत नाही, माल त्याच्यातून वाहतो. आणि फिरणारा जॉब मध्यापासून किती झुलतो ते डायल लावून बघायचं, त्याला 'रनआउट'. क्रिकेटमधला रनआउट निराळा, आणि घरातली साखर 'रन आउट' होते ती तिसरीच. तिला आपण शांतपणे 'संपली' म्हणतो.

मग या दोन शब्दांत फरक काय? मला तो कारखान्यात कळला. आमच्याकडे सेटर वेगळा आणि ऑपरेटर वेगळा. सेटर यायचा, टूल बसवायचा, मापं जुळवायचा, पहिला पीस काढून तपासायचा आणि चहाला जायचा. त्याचं काम झालं की ते झालं. त्यानंतर ऑपरेटर मशीन चालवत राहायचा, पाळी संपेपर्यंत. सेटमध्ये एक वस्तू एका जागी किंवा एका स्थितीत येते आणि तिथे हात थांबतो. रनमध्ये काहीतरी सुरू राहतं. 430 आणि 645 मधले सगळेच अर्थ या रेघेवर बसत नाहीत. 'सेट ऑफ' म्हणजे प्रवासाला निघणे, ते बसण्याच्या उलटच. सूर्य 'सेट' होतो तो मात्र बसतो. जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताच्या शब्दातच आसनाकडे जाणं होतं.

ही रेघ न कळल्याने काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एकदा दुसऱ्या पाळीचा सेटर लवकर निघाला आणि मशीनवर खडूने लिहून गेला: "सेट डन. रन 50." त्याला म्हणायचं होतं, मशीन लावून झालं आहे, आता 50 पीस काढ. तिसऱ्या पाळीला आलेला पोरगा नवा. शाळेत रन म्हणजे धावणे एवढंच शिकलेला. त्याने विचार केला, पळवायचं म्हणजे वेग, म्हणजे मिनिटाला 50 फेरे. गिअर बदलून त्याने स्पिंडल, म्हणजे मशीनचा फिरता दांडा, जवळपास सगळ्यात कमी वेगावर आणला. पहाटेपर्यंत चार पीस निघाले, तेही खरबरीत. सकाळी सगळे त्याच्यावर ओरडले. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, चूक त्याला तो एकच अर्थ घोकायला लावणाऱ्याची होती. थोडी खडूवाल्याचीही, कारण 50 पुढे 'पीस' लिहायला त्याचं काय जात होतं?

जाता जाता, आपण मराठीत आणलेला 'सेट' बघा. पोरगा सेट झाला, म्हणजे नोकरी लागली. अमक्याची तिथे सेटिंग आहे, म्हणजे काय ते सांगायला नको. कॉलेजच्या पोरांची सेटिंग आणखी वेगळी. शब्द त्यांचा घेतला आणि अर्थ आपले जोडले.

आता शेवटचा दावा, "मायमराठीत एक शब्द, एक अर्थ". हे वाचून मला आधी हसू आलं, मग रागही आला, कारण हे मराठीचं कौतुक नाही, मराठीचा अपमान आहे. वर 'सेट' समजावताना मी 'लावणे' आणि 'लागणे' वापरलं, तेव्हाच या दाव्याचा निकाल लागला होता. तरी माझी एक सकाळ सांगतो. नोकरी लागून बरीच वर्षं झाली होती. पहाटे डोळा लागला तो गजर वाजूनही उघडला नाही. उठलो तर भूक लागलेली, पण दूध खाली लागलेलं. निघायला वेळ लागला. जिन्यात ठेच लागली. कळव्याहून ठाण्याला आलो, तर दहा नंबरला वाशीची गाडी लागलेली. पळत पळत चढलो, धाप लागली, पाऊस लागला. शेजारच्या माणसाने विचारलं, "तो सुपरवायझर तुमचा कोण लागतो?" मी म्हटलं, कोणी नाही. त्याने दिलेला पेरू गोड लागला. रबाळ्याला उतरलो आणि मुकाट कामाला लागलो, कारण उशिराचं कारण सांगावं लागलं असतं.

मोजा. मी मोजायचा कंटाळा केला, आणि यात घोडबंदर रोडच्या बसमध्ये ज्यांना गाडी 'लागते' ते आलेच नाहीत. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली आला आणि दाते-कर्वे मंडळींचा 'महाराष्ट्र शब्दकोश' 1932 ते 1938 या काळात. दोन्हीकडे 'लागणें' काही एका ओळीत उरकलेलं नाही. परदेशी माणसाने मराठी शिकताना "लागणे म्हणजे स्पर्श होणे, बाकी आपोआप येतं" एवढ्यावर विसंबायचं ठरवलं, तर त्याला भूक स्पर्श करील आणि नोकरीही. रोज तोंडात असलेला शब्द कुठल्याही भाषेत असाच पसरतो. 'एक शब्द, एक अर्थ' फार तर औषधांच्या नावांत सापडेल.

वहिनीला मी हे सगळं ग्रुपवर न लिहिता घरी जाऊन सांगितलं. पुतणी नववीत आहे. तिला 'सेट' आणि 'रन'ची दहा वाक्यं दिली आणि अट घातली, मराठी करताना ठेवणे आणि धावणे वापरायचं नाही. तिने सात भराभर सोडवली. खडा बसवला, गजर लावला, दुकान चालवलं, नाक वाहिलं, सगळं बिनचूक. 'सेट ऑफ'ला अडली. साखरेच्या वाक्याला "काका, साखर चालत गेली?" म्हणून स्वतःच हसली. शेवटचं वाक्य होतं, आईने टेबल 'सेट' केलं. तिने लिहिलं, "आईने टेबल बसवले." मी म्हटलं, सुतार आहे का तुझी आई? पेन चावत ती बराच वेळ बसली. मलाही पटकन नीट मराठी सुचेना.

तेवढ्यात आतून वहिनीचा आवाज आला, "ताटं घेतली आहेत, चला आता जेवायला."

पुतणीने खोडून लिहिलं.